डिस्कचे पॅड घरीच बदला

हैदराबादकर बाइकवाल्यांनो, जुबिली हिल्स-बंजारा हिल्सचे उतार रोज उतरत असाल तर कॅलिपरमध्ये टॉर्च मारून बघा. पॅडवरची खाच दिसेनाशी झाली किंवा मसाला जेमतेम १ मिलिमीटर उरला, की बदलायचेच.

पॅड सिकंदराबादला राणीगंजच्या स्पेअर पार्टच्या बाजारात मिळतात. गाडीचं मॉडेल आणि साल नीट सांगा. (ड्यूकच्या कॅलिपरवर दिसणारं ‘बायब्रे’ हे इटलीच्या ब्रेम्बोचंच नाव बरं का, कारखाना आपल्या चाकणला!)

कॅलिपर गाडीवर असतानाच पॅडची पिन सैल करा, नंतर हलत्या कॅलिपरवर जोर लागत नाही. मग दोन बोल्ट काढा. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, दोरीने बांधा. आणि आता ब्रेकला हात लावायचा नाही, पिस्टन बाहेर येईल!

पिन ओढून जुने पॅड काढा. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. त्याने ब्रेक ऑइल त्याच्या डबीत वर चढतं आणि पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर रंग खातं. आधी डबीचं झाकण उघडून पातळी बघा, भोवती फडकं गुंडाळा. पॅडला किंवा डिस्कला ग्रीसचं बोट लागता कामा नये. नवे पॅड आणि पिन घालून कॅलिपर परत लावा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

सगळं बसलं की ब्रेक कडक लागेपर्यंत दाबत राहा. हे राहिलं तर पहिला ब्रेक लागतच नाही. नंतर रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगात हलके ब्रेक मारत पॅड बसवून घ्या. पहिले काही दिवस गाडी जरा लांब थांबेल, अंतर ठेवून चालवा.