मूठ पिळली, तरी इंजिन का घुटमळते?

स्थिर वेगाने चाललेल्या मोटारसायकलची मूठ एकदम पिळली असता इंजिनाने तत्काळ जोर धरण्याऐवजी क्षणभर मान टाकावी आणि मग गचका देऊन पुढे धावावे, हा कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जोरकस इंजिनांचा जुना दोष आहे. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली बजाज पल्सर २२० हे पुण्याला त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. २००७ साली ही गाडी फ्युएल इंजेक्शनसह, म्हणजे इंधन मोजून फवारणाऱ्या यंत्रणेसह, बाजारात आली. पण २००९ साली बजाजने तिच्यावर कार्ब्युरेटर बसवला आणि सुमारे २१ पीएस शक्तीची ही गाडी ‘द फास्टेस्ट इंडियन’ अशी जाहिरात करून विकली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला, तरी आधीच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. गाडी पिकअप घेत नाही म्हटले की पुण्याच्या नाना पेठेतून नवे जेट आणून बसवण्याची जी घाई केली जाते, तिने मूळ दोष झाकला जातो आणि दुसरा उभा राहतो. दोष मुठीच्या कोणत्या टप्प्यात येतो हे ठरल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडूच नये.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ढकलले जात नाही, ओढले जाते. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिथला दाब उतरतो आणि खालच्या फ्लोट चेंबरमधून, म्हणजे तरंगत्या फ्लोटमुळे ठराविक पातळीपर्यंतच भरणाऱ्या वाटीतून, पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रांवाटे वर चढते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, आणि जास्तीत जास्त जोर हवा असेल तर साडेबारा ते तेरा भाग. मूठ एकाएकी उघडली की हलकी हवा लगेच आत घुसते, जड पेट्रोल मागे रेंगाळते, शिवाय त्यातला काही अंश इनटेकच्या भिंतींवर ओला थर होऊन बसतो, त्यामुळे त्या क्षणी सिलिंडरमध्ये लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेले, मिश्रण पोचते. जुन्या मोटारींच्या कार्ब्युरेटरांत ही तूट भरून काढण्यासाठी पेट्रोलची चिळकांडी सोडणारा ॲक्सिलरेटर पंप असे.

पल्सर २२० चा कार्ब्युरेटर सीव्ही प्रकारचा, म्हणजे गळ्यातला हवेचा वेग जवळपास कायम राखणारा, असल्यामुळे तिथे युक्ती वेगळी आहे. मुठीची केबल बटरफ्लाय नावाची गोल चकती फिरवते, एवढेच; गळा मोठा करणारी स्लाइड वरच्या टोपीखालच्या पातळ रबरी पडद्याला, डायफ्रॅमला, जोडलेली असते आणि इंजिन जितकी हवा ओढते तितकीच ती वर उचलली जाते. हा पडदा उजेडासमोर धरून हलक्या हाताने ताणला तर टाचणीच्या टोकाएवढे छिद्रही दिसते. असे छिद्र पडलेली गाडी जागेवर व्यवस्थित चालते, पण रेस दिली की स्लाइड उशिरा आणि अर्धवट उठते, आणि इंजिन काही केल्या वर चढत नाही. याउलट, चपळाई वाढावी म्हणून कोणी स्लाइडवरची स्प्रिंग कापून ठेवली असेल, तर स्लाइड गरजेपेक्षा लवकर उठते आणि मूठ पिळताच मिश्रण लीन होते.

टप्पा शोधण्यासाठी मुठीच्या कडेवर आणि शेजारच्या स्विचच्या खोक्यावर चिकटपट्टीच्या खुणा करून, मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. साधारणपणे मूठ जेमतेम उघडलेली असताना पायलट जेटचे, पाव ते पाऊण उघडेपर्यंत स्लाइडला लोंबणाऱ्या निमुळत्या नीडलचे आणि त्यापुढे मेन जेटचे राज्य असते. सीव्ही कार्ब्युरेटरात स्लाइड हवेवर चालत असल्याने या सीमा थोड्या पुसट होतात. मग चोक किंचित ओढून तीच चाचणी करावी: घुटमळणे कमी झाले तर मिश्रण लीन आहे, वाढले तर ते आधीच रिच, म्हणजे पेट्रोल जादा झालेले, आहे. काळी, कोरडी काजळी धरलेला प्लग रिच मिश्रणाकडे, तर पांढुरका प्लग लीनकडे बोट दाखवतो.

या चाचण्यांवर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टींचा निकाल लावणे अगत्याचे आहे. पहिली ठिणगी. पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात, त्यामुळे एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर गाडी चालत राहते आणि चूक नसलेला कार्ब्युरेटर संशयात सापडतो. दुसरी गोष्ट हवेची गळती: कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांमधला रबरी जोड चिरला असेल, तर इंजिन जागेवर चालू असताना त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारल्यास आयडलिंगचा आवाज बदलतो.

स्थळकाळाचाही हिशेब धरावा लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि सिंहगड सुमारे १३०० मीटरवर असल्याने, गडाच्या घाटात हवा विरळ होऊन मिश्रण रिचकडे झुकते, तर ताम्हिणी उतरून कोकणात गेल्यावर ते उलट लीनकडे सरकते. नेमके बसवलेले जेट यात बिघडले असे मानू नये. मोकळा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावलेल्या गाडीला मात्र नव्या जेटिंगची खरोखर गरज असते.

इंधनही बदलले आहे. ५ जून २०२१ रोजी पुण्यातल्या तीन ठिकाणी ई-१०० इथेनॉलच्या विक्रीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, आणि त्यानंतर नेहमीच्या पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने अशा मिश्रणाला सुमारे साडेतेरा भागच हवा पुरते, म्हणून जुन्या जेटवर गाडी आपोआप लीन होते. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते. पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोट चेंबरचा तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतले इंधन काचेच्या बाटलीत धरले, तर कधी कधी तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसतो, आणि जेटची तोंडे नेमकी त्याच तळाजवळ असतात. ते पाणी काढूनही मूठ जेमतेम उघडताना गाडी घुटमळत असेल, तर पायलट जेट बाहेर काढून क्लीनरने आणि दाबाच्या हवेने साफ करावे. त्यात तार घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र केसभर वाढले तरी ते जेट कायमचे जादा पेट्रोल सोडू लागते.