हौशी कीं धंदेवाईक? इंग्लंडांतील नॉर्दर्न लीगची कथा

खेळासाठीं खेळतो तो हौशी आणि पोटासाठीं खेळतो तो धंदेवाईक, अशी फुटबॉलपटूंची वाटणी करण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत पडला. ही व्याख्या ऐकावयास सोपी आहे. परंतु जो मनुष्य आठवडाभर कोळशाच्या खाणींत राबतो, शनिवारीं दुपारीं मैदानावर उतरतो आणि सामना संपल्यावर कांहीं शिलिंग खिशांत घालून घरीं परततो, त्याला कोणत्या वर्गांत बसवावयाचें? ईशान्य इंग्लंडांतील डरहॅम परगणा व त्याच्या आसपासचा प्रदेश हें कार्यक्षेत्र असलेल्या नॉर्दर्न लीगला या प्रश्नानें दीर्घकाळ सतावलें.

खेळाडूंना उघडपणें वेतन देण्यास इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें १८८५ मध्यें मान्यता दिली. वेतन द्यावयाचें म्हणजे नियमित उत्पन्न हवें, आणि उत्पन्न हवें तर नियमित सामने हवेत. त्यापूर्वीं क्लबांचे सामने एक तर मैत्रीचे असत, नाहीं तर चषकाचे. चषकाच्या स्पर्धेंत एकदां पराभव झाला कीं संघ बाद होई आणि पुढचे शनिवार रिकामे जात. मुंबईकरांच्या परिचयाची रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ मध्यें सुरू झाली, तीही याच बाद पद्धतीची होती. लीगची कल्पना निराळी. तींत प्रत्येक संघानें इतर सर्व संघांशीं, एकदां स्वतःच्या व एकदां प्रतिपक्षाच्या मैदानावर, खेळावयाचें आणि वर्षअखेर गुणांची बेरीज करून विजेता ठरवावयाचा. लँकशायर व मध्य इंग्लंड येथील बारा क्लबांनीं १८८८ मध्यें ही पद्धत सुरू केली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८९ मध्यें, ईशान्येकडील दहा क्लबांनीं आपली स्वतंत्र नॉर्दर्न लीग स्थापन केली. आजही चालू असलेल्या फुटबॉल लीगांमध्यें प्राचीनत्वाच्या दृष्टीनें तिचा क्रमांक जगांत दुसरा लागतो.

प्रारंभीं या लीगमध्यें हौशी आणि धंदेवाईक असे दोन्ही प्रकारचे क्लब एकत्र नांदत होते. तथापि मोठ्या शहरांतील क्लबांना हें क्षेत्र लवकरच अपुरें वाटूं लागलें. संस्थापकांपैकीं न्यूकॅसल ईस्ट एंड या क्लबानें १८९२ मध्यें न्यूकॅसल युनायटेड असें नांव धारण केलें आणि १८९३ मध्यें राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्यें प्रवेश मिळविला. मिडल्झबरोनें १८९५ व १८९८ मध्यें देशांतील हौशी क्लबांचा चषक जिंकला आणि १८९९ मध्यें तोही धंदेवाईकांत सामील झाला. मागें राहिले ते लहान गांवांचे व खाणींच्या वस्त्यांचे क्लब. १९०६ पासून नॉर्दर्न लीग केवळ हौशी क्लबांची म्हणून ओळखली जाऊं लागली.

हे क्लब लहान असले तरी त्यांची झेप लहान नव्हती. वेस्ट ऑकलंड हें डरहॅममधील खाणकामगारांचें एक गांव. त्याच्या संघानें १९०९ मध्यें इटलींतील तुरीन येथें जाऊन सर थॉमस लिप्टन यांनीं ठेवलेला आंतरराष्ट्रीय चषक जिंकला. १९११ मध्यें तो संघ पुन्हां तेथें गेला आणि अंतिम सामन्यांत युव्हेंटस या इटालियन क्लबाचा त्यानें ६–१ असा पराभव केला. दोनदां जिंकल्यामुळें चषक त्यांच्याकडेच राहिला. परंतु प्रवासाच्या खर्चानें क्लब कर्जांत बुडाला. अखेर तो मानाचा चषक गांवांतील एका हॉटेलच्या मालकिणीकडे चाळीस पौंडांसाठीं गहाण पडला आणि तो गांवानें परत मिळविला तो १९६० च्या सुमारास. १९९४ मध्यें मूळ चषक चोरीस गेला; पुढें त्याची प्रतिकृति करण्यांत आली.

या प्रसंगावरून हौशीपणाची खरी अडचण लक्षांत येते. ज्याच्या घरीं वडिलोपार्जित उत्पन्न आहे, त्याला खेळासाठीं पदरमोड करणें परवडतें. खाणकामगाराची एक पाळी बुडाली कीं त्या दिवसाची मजुरी बुडाली. उलट, त्याचा खेळ पाहण्यासाठीं हजारों लोक तिकीट काढून येत आणि तो पैसा क्लबाच्या पेटींत जमा होई. अशा स्थितींत प्रवासखर्चाच्या नांवाखालीं चार पैसे जास्त देण्याची, किंवा सामन्यानंतर खेळाडूच्या बुटांत गुपचूप नाणीं ठेवण्याची चाल पडली, यांत नवल नाहीं. ‘बुटांतले पैसे’ हा शब्दप्रयोगच त्यामुळें इंग्रजींत रूढ झाला. १९२८ मध्यें डरहॅम परगण्यांत अशा गुप्त देण्यांची चौकशी झाली, तेव्हां शेंकडों खेळाडूंवर निलंबनाचा प्रसंग आला. ज्यांना शिक्षा झाली त्यांचा अपराध नियमाच्या दृष्टीनें खरा होता. परंतु नियम करणाऱ्यांनीं श्रमजीवी खेळाडूची परिस्थिति विचारांत घेतली नव्हती, हेंही तितकेंच खरें. मुंबईच्या फुटबॉलमध्यें गिरण्या, रेल्वे व मोठ्या कंपन्या यांनीं खेळाडूंना नोकऱ्या देऊन हाच पेंच निराळ्या रीतीनें सोडविला होता.

या लीगचा सर्वांत यशस्वी क्लब बिशप ऑकलंड. त्यानें हौशी चषक दहा वेळां जिंकला. इतर कोणत्याही क्लबाला हें साधलें नाहीं. १९५४ मध्यें त्या चषकाच्या अंतिम सामन्यांत त्याची गांठ शेजारच्याच क्रुक टाऊनशीं पडली. लंडनमधील वेंब्ली मैदानावर एक लक्ष प्रेक्षकांसमोर झालेला सामना बरोबरींत सुटला; न्यूकॅसल येथें झालेला दुसराही बरोबरींत सुटला; मिडल्झबरो येथील तिसऱ्या सामन्यांत क्रुक एका गोलानें विजयी झाला. दोन लहान गांवांच्या या झुंजीला तिन्ही सामने मिळून एक लक्ष नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले होते. पुढें १९५५, १९५६ व १९५७ या लागोपाठच्या तीन वर्षीं बिशप ऑकलंडनें चषक जिंकून त्या पराभवाची भरपाई केली.

फेब्रुवारी १९५८ मध्यें म्यूनिक येथील विमान अपघातांत मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू मृत्युमुखीं पडले. त्या आपत्तींत बिशप ऑकलंडचे बॉब हार्डिस्टी, डेरेक लेविन व वॉरन ब्रॅडली हे तिघे त्या धंदेवाईक क्लबाच्या साहाय्यास धांवून गेले. यांपैकीं ब्रॅडली हे शाळाशिक्षक होते. ते मँचेस्टरच्या पहिल्या संघांत स्थिरावले आणि १९५९ मध्यें इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांतूनही खेळले. हौशी व धंदेवाईक यांच्यामध्यें कौशल्याची भिंत नव्हती, हें त्यांच्या उदाहरणानें सिद्ध झालें.

अखेर १९७४ मध्यें फुटबॉल असोसिएशननें हौशी व धंदेवाईक हा भेदच रद्द केला. सर्वजण केवळ ‘खेळाडू’ ठरले आणि बुटांतले पैसे हिशेबाच्या वहींत आले. हौशी चषकाची स्पर्धाही त्याच वर्षीं संपुष्टांत आली. याप्रमाणें जुना प्रश्न मिटला. पण नवा उभा राहिला. १९७९ नंतर लहान लीगांतील विजेत्यांना पायरीपायरीनें वर चढतां यावें अशी देशव्यापी रचना आकार घेऊं लागली. स्वतःच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या नॉर्दर्न लीगनें तींत सामील होण्याचें नाकारलें. परिणामीं महत्त्वाकांक्षी क्लब तिला सोडून जाऊं लागले. १९८८ मध्यें खुद्द बिशप ऑकलंडनेंही निरोप घेतला. १९९१ मध्यें लीगनें ती रचना स्वीकारली, तेव्हां तिला पूर्वींपेक्षां खालची पायरी पत्करावी लागली. त्याच सुमारास खाणीही बंद पडत गेल्या. डरहॅम कोळसाक्षेत्रांतील अखेरची खोल खाण १९९३ मध्यें बंद झाली आणि ज्या श्रमजीवनावर हे क्लब पोसले गेले होते, तेंच नाहींसें झालें.

खाणी गेल्या तरी क्लब मात्र टिकून राहिले. लहान क्लबांसाठीं असलेली एफ्. ए. वाझ ही राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून २०१३ पर्यंत सलग पांच वर्षें नॉर्दर्न लीगच्याच संघांनीं जिंकली. त्यांतील पहिलीं तीन वर्षें एकट्या व्हिटली बे या क्लबाचीं होतीं. हे खेळाडू दिवसा आपापला व्यवसाय करीत आणि क्लबाकडून अल्प मानधन घेत. त्यांच्या आजोबांना जें बुटांत लपवावें लागलें, तें आतां सही करून घेतां येतें. लीगच्या इतिहासांतील हा फरक आंकड्यांत लहान असेल. पण ज्यांनीं ‘हौशी’ या नांवापायीं निलंबन सोसलें, त्यांच्या दृष्टीनें तो लहान नाहीं.