नासिकच्या लेण्यांतील ‘कुशणमूल’

नासिकनजीकच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे दानलेख कोरलेले आहेत. त्यांपैकीं ४२ व्या वर्षाच्या लेखांत ‘चिवरिक’ व ‘कुशणमूल’ हे शब्द जोडीनें येतात. चिवरिक म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांचें द्रव्य, हें उघड आहे. कुशणमूलाविषयीं मात्र विद्वानांत मतभेद आहे.

सेनार यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडांत त्याचा अर्थ वस्त्रांवेगळा निर्वाहखर्च असा लाविला. दे. रा. भांडारकर यांनीं त्यांत कुषाणांच्या नांवाचें नाणें पाहिलें. हा वाद केवळ एका शब्दाचा नव्हे. नाण्याचा अर्थ खरा मानिल्यास नहपान कुषाणांचा अंकित होता या मतास बळकटी येते, व त्याच्या कालनिर्णयासही निराळें वळण लागतें.

अशा वेळीं शब्द लेखांतून उपटून न घेतां लेखांतील हिशेब तपासावा. उषवदातानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें. पहिल्या श्रेणीकडील २००० वर दरमहा शेंकडा एक, म्हणजे वर्षास २४० कार्षापण येतात. वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा चिवरिक, हेही २४० च होतात. व्याज मासिक होतें हें यावरून सिद्ध होतें. दुसऱ्या श्रेणीकडील १००० वर दरमहा शेंकडा पाऊण, म्हणजे वर्षास ९०, हेंच कुशणमूल. वीस जणांत वांटल्यास प्रत्येकास साडेचार पडतात.

येथें मुद्दल कार्षापणांचें, अर्थात् व्याजही कार्षापणांचेंच. तेव्हां एकाच रकमेस दुसऱ्या नाण्याचें नांव देण्याचें कारण दिसत नाहीं. शिवाय चिवरिक ही खर्चाची बाब असतां तिच्या जोडीचा शब्दही बाबच दर्शवील, हें सयुक्तिक. कान्हेरीच्या लेखांतही सोळा चिवरिकाबरोबर ऋतुकालीं दरमहा एक ‘पडिक’ नेमलेला आहे. वस्त्र व मासिक खर्च ही जोडी तेथेंही आढळते.

‘मूल’ शब्दासही हाच न्याय लागतो. याच लेखांत नारळीचीं ८००० ‘मूलें’ दिल्याचा उल्लेख आहे. तेथें अर्थ झाडें, येथें द्रव्य. एकाच शिळेवर शब्दाचे दोन अर्थ संभवतात, मग निव्वळ ध्वनिसाम्यावरून ‘कुशण’ म्हणजे ‘कुषाण’ कसें मानावें? कुशण शब्दाची व्युत्पत्ति कांहींही ठरो. त्यावर राजवंशाची इमारत उभारणें साधार नव्हे. जुन्या दप्तरांतील अडलेल्या शब्दासही प्रथम आंकडा व शेजारचा शब्द यांची साक्ष घ्यावी.