मानदुखी, पडद्याच्या वापराशी निगडित
संगणक, लॅपटॉप, मोबाइल इ. उपकरणांच्या पडद्याकडे दीर्घकाळ पाहत राहिल्याने मानेत व खांद्यांच्या वरच्या भागात जाणवणारी वेदना आणि ताठरपणा. हा स्वतंत्र रोग नसून बहुधा स्नायू व सांधे यांवरील ताणाची तक्रार असते. २०२० मध्ये जगात सु. २० कोटी लोकांना मानदुखी होती, असा अंदाज आहे. त्यात सर्व कारणांनी होणाऱ्या मानदुखीचा समावेश होतो.

बैठ्या कामाचे असे परिणाम नवे नाहीत. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ मधील आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींची कारणे म्हणून सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल व मनावरील ताण यांचा निर्देश केला आहे.

कारणमीमांसा : मानेत सात मणके असतात. प्रौढ व्यक्तीच्या डोक्याचे वजन सु. ४·५ ते ५·५ किग्रॅ. असून त्याचा गुरुत्वमध्य कवटी व पहिला मणका यांमधील सांध्याच्या किंचित पुढे असतो. त्यामुळे ताठ बसले असतानाही डोके पुढे कलू नये म्हणून मानेच्या मागील स्नायूंना थोडे काम करावेच लागते. मान पुढे झुकली की, तरफेच्या तत्त्वानुसार या स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. २०१४ मधील एका गणिती प्रतिमानानुसार मान ६०° झुकली असता मानेवरील भार सु. २७ किग्रॅ.इतका होतो. हा आकडा आकडेमोडीतून आलेला आहे. तेवढ्याने मणक्यांना इजा होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

किंबहुना, विशिष्ट अंगस्थिती (बसण्याची ठेवण) व मानदुखी यांचा संबंध समजला जातो तितका सरळ नाही. वाकून बसणाऱ्या अनेकांना वेदना नसते, तर ताठ बसणाऱ्या काहींना ती असते. कोणतीही स्थिती, मग ती कितीही ‘योग्य’ असो, तासन्‌तास न बदलता राखणे, हे अधिक त्रासदायक ठरते. अपुरी झोप, मानसिक ताण व व्यायामाचा अभाव यांनीही वेदना वाढते. मध्यमवयानंतर क्ष-किरण छायाचित्रात मणक्यांची झीज वेदना नसलेल्या व्यक्तींतही सामान्यतः आढळते. म्हणून केवळ छायाचित्रावरून घाबरून जाण्याचे कारण नसते.

प्रतिबंध : पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत वा किंचित खाली आणि पडदा सु. हातभर अंतरावर असावा. द्विकेंद्री चष्मा वापरणाऱ्यांना पडद्यासाठी मान मागे टाकावी लागते. त्यांनी पडदा आणखी खाली ठेवावा. लॅपटॉपमध्ये पडदा व कळफलक जोडलेले असल्याने एक सोयीच्या उंचीवर आणला की दुसरा गैरसोयीचा होतो. दीर्घकाळ काम असल्यास लॅपटॉप उंचावर ठेवून निराळा कळफलक वापरावा. मोबाइल मांडीवर न ठेवता वर धरावा व कोपरांना आधार द्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने जागेवरून उठावे.

उपचार : बहुतेक रुग्णांची वेदना काही आठवड्यांत कमी होते. या काळात नेहमीच्या हालचाली चालू ठेवाव्यात. मान व खांदे यांचे बळ वाढविणारे व्यायाम नियमित केल्यास लाभ होतो. गळपट्टा दीर्घकाळ वापरल्यास स्नायू दुर्बल होतात. मानेला झटके देऊन ‘कडकडविण्याचा’ प्रयोग अप्रशिक्षित व्यक्तीकडून करवून घेणे धोक्याचे असते.

हातांत मुंग्या किंवा अशक्तपणा, सदऱ्याची बटणे लावण्यासारख्या बारीक कामांत अडखळणे, चालताना तोल जाणे व मूत्रविसर्जनावरील ताबा सुटणे ही तंत्रिका वा मेरुरज्जू यांवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. अशी लक्षणे दिसल्यास, तसेच अपघातानंतर मान दुखू लागल्यास किंवा वेदनेबरोबर ताप वा वजनात घट असल्यास दोष पडद्यावर टाकून स्वस्थ न बसता वैद्यकीय तपासणी विनाविलंब करून घ्यावी.