उतरविलेली मोटार

श्रीगोंद्यात साखर कारखान्याकडे निघालेली उसाची टायरगाडी पाहावी: चाके लहान, आस जमिनीलगत, म्हणून साटाही खाली. अमेरिकेतील हौशी कारागिरांनी १९३२ सालच्या फोर्ड मोटारीची उंची उतरविताना मागची चाके मात्र थोरलीच ठेवली. मागच्या आसापुढे सांगाड्याचे दोन्ही लांब दांडे कापून, मधे उभा तुकडा सांधून, मागचे टोक वर चढविले, की आस चाकाच्या मध्याशीच राहतो आणि उर्वरित सांगाडा मागच्या बाजूस सुमारे त्या तुकड्याइतका भुईकडे येतो. गुरुत्वमध्य खालावल्याने वळणावर कलंडण्याचे भय घटते. परंतु ताण त्या सांध्यांवर एकवटत असल्याने तेथे जाड पट्टीचा आधार न देणे हा निव्वळ अविचार होय. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी-दाखल्याशी विसंगत फेरफारास मज्जाव करते; आणि आपले गतिरोधक तर त्या कलमाहूनही कडक!