रताळ्याचा रंग आणि माणसांची रुची

मराठीत एखाद्या मठ्ठ मुलाची संभावना ‘रताळ्या’ या शब्दाने करण्याचा जुना प्रघात आहे. महाशिवरात्र किंवा आषाढी एकादशी जवळ आली म्हणजे बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात, त्यांचा कीस होतो, गोड काप होतात. परंतु दुसऱ्या दिवशी पारणे फिटले की या कंदाची आठवण कोणालाही राहात नाही. गोमंतकात ज्याला आपण कणगां म्हणतो, त्याची प्रतिष्ठा ही एवढीच. अशा या उपेक्षित मुळाने जगातील लक्षावधी बालकांच्या डोळ्यांचा प्रश्न सोडविण्याचा एक मार्ग दाखविला, आणि त्याबद्दल 2016 साली जागतिक अन्न पुरस्कारही दिला गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही. ती चर्चा व्हावयास हवी, कारण या कथेशी आपले नाते दुहेरी आहे.

पहिले नाते इतिहासाचे. रताळे मूळचे अमेरिका खंडातील. तेथील बेटांवरच्या लोकांचा ‘बटाटा’ हा शब्द मुळात रताळ्याचाच. पुढे युरोपीय लोकांच्या घोटाळ्याने तो आजच्या बटाट्याला जाऊन चिकटला. वस्तुतः या दोहोंत जवळचे नाते नाही. बटाटा हे भूमिगत खोड आहे, तर रताळे हे अन्नाच्या साठ्याने फुगलेले मूळ आहे. आपल्या पुळणींवर जांभळ्या फुलांनी बहरणारी मर्यादवेल ही रताळ्याची सख्खी भावंड म्हणावयास हरकत नाही. पोर्तुगीजांच्या गलबतांतून हा कंद पूर्वेकडे आला, असे सामान्यतः मानले जाते. ज्या जेत्यांनी आमच्यावर राज्य लादले, त्यांच्याच जहाजांतून आलेले पीक आमच्या उपवासाच्या ताटात पवित्र होऊन बसले, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

दुसरे नाते अधिक जिव्हाळ्याचे आहे. 2016 चा तो पुरस्कार चौघांत विभागला गेला. त्यांतील मारिया आन्द्रादे या केप व्हर्द बेटांतल्या, आणि त्यांची कर्मभूमी मोझांबिक. हे दोन्ही प्रदेश आपल्याप्रमाणेच पोर्तुगीज सत्तेखाली भरडले गेले होते. गोमंतक 1961 साली मुक्त झाला. मोझांबिक आणि केप व्हर्द यांना 1975 पर्यंत वाट पाहावी लागली. आन्द्रादे यांच्या जोडीला युगांडाचे रॉबर्ट म्वांगा, अमेरिकेच्या जॅन लो आणि अन्नधान्यांतील पोषकांश वाढविण्याच्या चळवळीचे प्रवर्तक हॉवर्थ बुईस हे होते. एका वसाहतीत जन्मलेल्या स्त्रीने दुसऱ्या मुक्त वसाहतीच्या शेतात केलेले हे कार्य आहे, आणि म्हणून ते आपण आस्थेने समजून घेतले पाहिजे.

प्रश्न होता तो ‘अ’ जीवनसत्त्वाचा. त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो, रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते, आणि गोवर किंवा अतिसारासारख्या दुखण्यात ती दगावतात. आफ्रिकेतील लोक रताळे भरपूर खात. परंतु ते आतून पांढरे. गाजराला जो केशरी रंग असतो तो बीटा कॅरोटीन या द्रव्याचा, आणि आपले शरीर त्यापासूनच ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. पांढऱ्या रताळ्यात हे द्रव्य जवळजवळ नसते. केशरी गराची रताळी अमेरिकेत होती. त्यांपैकी बऱ्याच वाणांची सव्वाशे ग्रॅम रताळी पाच वर्षांखालील मुलाची दिवसाची गरज भागवू शकतात. मग अमेरिकेतील बेणे आणून लावले की काम झाले, असे कोणासही वाटेल. ते तसे झाले नाही.

अमेरिकन रताळे शिजवले की पाणचट आणि मऊ होते. आफ्रिकेतील माणसाला हवे असते ते पिठूळ, कोरडे, पोट भरल्याचे समाधान देणारे रताळे. शिवाय तेथील रोगांपुढे आणि अवर्षणापुढे त्या परक्या वाणांचा टिकाव लागेना. पांढऱ्या माशीने आणि माव्याने पसरणारे दोन विषाणू एकत्र आले म्हणजे वेल खुरटतो आणि पीक हातचे जाते. तेव्हा रंग परक्या वाणाचा, पण पिठूळपणा आणि काटकपणा देशी वाणाचा, असा संगम घडवून आणणे भाग होते.

येथे आनुवंशिकीचे खरे काठिण्य सुरू होते. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग केले, तेव्हा त्याच्यापुढे प्रत्येक गुणाच्या दोनच प्रती होत्या. म्हणून त्याला तीनास एक असे स्वच्छ प्रमाण सापडले. रताळ्याची गुणसूत्रे 90, म्हणजे पंधरांच्या संचाच्या सहा प्रती. एकेका गुणाचे सहा वाटेकरी असल्यावर संततीत कोणता वाटा कोणाला मिळेल याचा हिशेब मांडणे महाकठीण. त्यातच हा वेल बहुधा स्वतःचा पराग स्वीकारीत नाही. त्यामुळे शुद्ध वंश तयार होत नाही आणि प्रत्येक बी हे नवेच व्यक्तिमत्त्व घेऊन रुजते. सालीचा रंग एक, गराचा दुसरा, ही तर नित्याची गोष्ट. आपल्या बाजारातील रताळे वरून लालबुंद, पण कापले की पांढरे निघते. सालीची ती लाली निराळ्याच रंगद्रव्याची असते. तिच्यावरून आत जीवनसत्त्व आहे की नाही हे मुळीच कळत नाही.

याहून मोठी अडचण अशी, की गराचा केशरी रंग वाढला की पिष्टाचा अंश कमी होतो, असे वारंवार दिसून येई. रंगाशी निगडित एक जनुक आणि साखरेचे पिष्ट होण्याशी निगडित दुसरे जनुक ही एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेली आहेत, असे अलीकडच्या संशोधनात आढळून आले आहे. शेजाऱ्यांची ही जोडी फोडावयाची तर हजारो रोपांतून क्वचित आढळणारा अपवाद हुडकावा लागतो. आन्द्रादे आणि म्वांगा यांनी नेमके हेच केले. बियांपासून हजारो रोपे वाढवावयाची, ती एकाच वेळी निरनिराळ्या हवामानांत पारखावयाची, आणि ज्यात रंग, पिठूळपणा व काटकपणा एकत्र आले असा एखादा वेल सापडला की त्याचे तुकडे लावून त्याची वृद्धी करावयाची. बी दगा देते, पण वेलाचा तुकडा मूळ गुण जसाचा तसा पुढे नेतो. युगांडात केशरी वाण 2004 साली शेतकऱ्यांच्या हाती आले. मोझांबिकमध्ये 2011 साली अवर्षणास तोंड देणारे पंधरा वाण एकदम प्रसृत झाले. जॅन लो यांनी मोझांबिकच्या खेड्यांत केलेल्या पाहणीत, ही रताळी खाणाऱ्या मुलांच्या रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्व वाढल्याचे सिद्ध झाले.

या साऱ्यातून आम्हाला दोन बोध घ्यावेसे वाटतात. पहिला असा, की शास्त्राने लोकांच्या जिभेचा मान राखला तरच ते लोकांच्या घरात शिरते. ‘हे पौष्टिक आहे, म्हणून खा’ असे वरून बजावणारे शहाणपण फोल ठरले. ‘तुम्हाला आवडते तसेच, शिवाय पौष्टिक’ असे म्हणणारे सफल झाले. आपल्याकडेही बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पाजण्याची राष्ट्रीय योजना 1970 पासून चालू आहे. ती हवीच. पण डोस सरकारच्या हातून येतो, आणि रताळे स्वतःच्या परसातून. जे परसात पिकते त्याला कोणाचे मिंधेपण नसते.

दुसरा बोध बेण्याचा आहे. आज संकरित बियाण्यासाठी शेतकरी दरवर्षी दुकानाची पायरी चढतो. रताळ्याचा वेल मात्र शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यावा आणि त्याने तो मातीत खोचावा, इतके हे सोपे आहे. ज्ञान प्रयोगशाळेत निर्माण झाले, तरी त्याची मालकी शेतकऱ्याकडे जाण्याची अशी सोय फार थोड्या पिकांत आहे. आणि ‘निसर्गात ढवळाढवळ’ म्हणून बिचकणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की 2015 साली तपासलेल्या 291 लागवडीच्या वाणांत एका मृद्‌जीवाणूची जनुके आढळली. ती कोणी माणसाने घातलेली नव्हती. निसर्गानेच सहस्रावधी वर्षांपूर्वी तो कलम केला होता.

आपल्या देशातही हे कार्य झालेले नाही असे नव्हे. तिरुअनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था 1963 पासून उभी आहे. तिने दिलेला ‘भू सोना’ हा केशरी वाण 2017 साली ओडिशासाठी प्रसृत झाला. त्याच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे 14 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. त्याच वर्षीचा ‘भू कृष्णा’ हा जांभळ्या गराचा वाण खारट जमिनीतही तग धरतो. जांभळा रंग ‘अ’ जीवनसत्त्वाचा नव्हे, हे मात्र विसरता कामा नये. आपल्या खाजनांच्या काठी, मरडीवर आणि घरामागच्या परसांत या वाणांची कसोशीने परीक्षा व्हावी, आणि जुने गोंय येथील किनारी कृषी संशोधन संस्थेने व राज्याच्या कृषी खात्याने चांगल्या वेलांचे बेणे गावोगावच्या महिला मंडळांकडे सोपवावे, असे आम्ही सुचवितो. बीटा कॅरोटीन अंगी लागावयास थोडा स्निग्धांश लागतो. ओल्या खोबऱ्याची आपल्या स्वयंपाकघरात तर कधीच वाण पडत नाही!

परंतु याचा अर्थ जुनी कणगां उपटून टाकावी असा कोणी घेऊ नये. आफ्रिकेत यश आले ते तेथील पांढऱ्या, पिठूळ, काटक वाणांच्या आधारावर. ते आधीच नष्ट झाले असते तर केशरी रंग कशावर चढविणार होते? आपल्या गावच्या बुजुर्ग शेतकऱ्यांनी जपलेला एखादा अनाम वेल उद्याच्या संशोधकाला हवा असलेला गुण पोटात घेऊन बसलेला असू शकतो. तो वेल घरे बांधण्यासाठी बुजवलेल्या मळ्याखाली गाडला गेला, तर कोणत्याही प्रयोगशाळेला तो पुन्हा घडविता येणार नाही. नवे लावावे आणि जुने राखावे, हीच दूरदृष्टी. मग ‘रताळ्या’ हा शब्द आपण मूर्खाला न लावता शहाण्याला लावू लागलो, तरी वावगे होणार नाही.