रंग बदलणारे दिवे

सायंकाळी रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी मोटार एकाएकी जांभळ्या प्रकाशाने उजळते. पाहता पाहता तो प्रकाश पिवळा होतो, मग पांढराशुभ्र. पाहणाऱ्यास वाटते, तेथे नाना रंगांचे दिवे असतील. वस्तुतः दिव्यांचे रंग तीनच असतात : लाल, हिरवा आणि निळा.

या दिव्यांना एलईडी म्हणतात. त्यांत तापणारी तार नसते. एका बारीकशा स्फटिकातून विद्युत्प्रवाह गेला, की प्रकाश निर्माण होतो. निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली लाल प्रकाशाचा असा दिवा तयार केला. तेजस्वी निळ्या दिव्यासाठी मात्र जगाला आणखी सुमारे तीस वर्षे वाट पाहावी लागली. तो सिद्ध करणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मोटारीच्या दिव्यांच्या पट्टीत हे तीन रंग अगदी शेजारी शेजारी बसवलेले असतात. लाल व हिरवा प्रकाश एकत्र आले, की पिवळा रंग दिसतो; लाल व निळा मिळून जांभळा दिसतो; आणि तिन्ही मिळून पांढरा.

अशा साध्या पट्टीला चार तारा असतात. एक तार बॅटरीच्या धन टोकाकडून येते. उरलेल्या तीन, प्रत्येक रंगाची एक, नियंत्रकाकडे जातात. नियंत्रक प्रत्येक रंगाचा प्रवाह दर सेकंदाला शेकडो वेळा चालू व बंद करतो. पेटलेले कोलीत गरगर फिरवले, म्हणजे अग्नीचे अखंड कडे दिसते; त्याचप्रमाणे ही उघडझाप डोळ्यांना न जाणवता प्रकाश सलग भासतो. जो रंग अधिक वेळ चालू, तो अधिक तेजस्वी. लाल पूर्ण वेळ व हिरवा थोडाच वेळ चालू ठेवला, तर नारिंगी छटा उमटते.

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. एकेका दिव्याला दोन-तीन व्होल्ट पुरतात. म्हणून तीन-तीन दिव्यांची साखळी करून तिला रोधक जोडतात. तो प्रवाहाला मर्यादेत ठेवतो.

खरा धोका निराळाच आहे. मोटारीचा धातूचा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेला असतो. धन टोकाकडून आलेल्या तारेचे वेष्टन घासून निघाले व ती सांगाड्यास टेकली, तर प्रचंड प्रवाह वाहू लागतो, तार तापते आणि गाडीस आग लागू शकते. हा अनर्थ टळावा म्हणून त्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज बसवतात. संकटसमयी तो स्वतः वितळतो व प्रवाह तोडतो. फ्यूज दूर बसवला, तर बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची तार अरक्षितच राहते. हे काम जाणत्या कारागिराचेच होय.

शोभेलाही मर्यादा हवी. रस्त्यावर दिव्यांचे रंग ही एक भाषा आहे. पांढरा प्रकाश येणाऱ्या गाडीचा, लाल प्रकाश तिच्या पाठीचा. गाडीच्या पुढील बाजूस लाल दिवा लावण्यास भारताच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी सामान्यतः मनाई केली आहे. अंधारात समोरून लाल प्रकाश दिसला, तर गाडी येत आहे की जात आहे, हे दुसऱ्या चालकाला कसे कळावे? क्षणभराच्या या संभ्रमाने कोणाचा तरी जीव जाऊ शकतो. सुंदर दिसणे चांगलेच; परंतु रस्त्यावर दिव्याचे पहिले काम खरे सांगणे हे आहे.